वजन घटवण्याची शस्त्रक्रिया : टेबलावरचे दोन तास आणि नंतरची वर्षे

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगली जिल्ह्यातील एका पतसंस्थेत नोकरी करणाऱ्या ४३ वर्षांच्या एका भगिनीचे वजन ११२ किलो आणि उंची १५६ सेंटीमीटर आहे. सात वर्षांपासून मधुमेह आहे, दोन प्रकारच्या गोळ्या चालू आहेत आणि गेल्या वर्षापासून रात्रीचे इन्शुलिनही सुरू झाले आहे. रक्तदाब आहे, गुडघे दुखतात, घोरणे इतके वाढले आहे की घरच्यांची झोप मोडते. पुण्यातील एका शल्यविशारदांनी त्यांना स्लीव्ह शस्त्रक्रिया (जठराचा मोठा भाग काढून टाकण्याची) सुचवली आहे. यजमानांचा विरोध आहे, कारण ओळखीतल्या एका बाईंचे शस्त्रक्रियेनंतर ३५ किलो वजन उतरले आणि चार वर्षांत त्यातले निम्मे परत आले. दिरांचे म्हणणे असे की आता इंजेक्शने निघाली आहेत, मग पोट कापून कशाला घ्यायचे? जिवाला धोका किती, फायदा किती वर्षे टिकतो आणि एवढा खर्च वाया तर जाणार नाही ना, असे त्यांनी विचारले आहे. पत्राच्या शेवटी, जाता जाता, त्यांनी असेही लिहिले आहे की रात्री आडवे झाल्यावर छातीत जळजळते आणि घशाशी आंबट पाणी येते.

उत्तर देण्यापूर्वी एक गोष्ट सांगून टाकतो. वीसहून अधिक वर्षे मी याच शस्त्रक्रिया करतो आणि माझे घर त्यावर चालते. सोनार मोडीच्या दागिन्यात घट धरतो, तशी माझ्या म्हणण्यातही थोडी घट धरूनच तुम्ही ते वाचावे. तुमच्या पत्रातली सगळी भीती शस्त्रक्रियेच्या टेबलावरच्या दोन तासांभोवती आहे आणि ती स्वाभाविक आहे. परंतु माझ्या अनुभवात रुग्णाचे जे काही बिघडते, ते बहुतेक वेळा त्या दोन तासांत बिघडत नाही. ते घरी गेल्यावर, तिसऱ्या आठवड्यात किंवा सातव्या वर्षी बिघडते, आणि तेव्हा त्याच्याकडे बघायला कोणी नसते. शिवाय तुमच्या त्या शेवटच्या वाक्यामुळे, शस्त्रक्रिया करावी की नाही याच्या आधी, सुचवलेली शस्त्रक्रिया तुमच्यासाठी योग्य आहे का, हा प्रश्न उभा राहतो. त्याकडे मी पुढे सविस्तर येणार आहे.

पहिल्यांदा ही शस्त्रक्रिया म्हणजे नेमके काय, ते पाहू. आपण मराठीत सगळ्यालाच ‘पोट’ म्हणतो, त्यामुळे ‘पोट कापणे’ म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे पोटावरची चरबी कापून काढणे येते. ती लायपोसक्शन; तिचा वजनाच्या आजाराशी फारसा संबंध नाही. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका लहान पण काटेकोर अभ्यासात पंधरा स्थूल स्त्रियांची सुमारे दहा किलो चरबी अशा रीतीने काढली आणि तरीही त्यांच्या साखरेत, रक्तदाबात किंवा कोलेस्टेरॉलमध्ये काहीही सुधारणा झाली नाही. स्लीव्हमध्ये पोटाच्या भिंतीवरील चरबीला हातही लावत नाहीत. दुर्बिणीतून, चार-पाच छोट्या छिद्रांतून, जठराचा बाहेरच्या बाजूचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग स्टेपलरने कापून काढतात आणि केळ्याच्या आकाराची एक अरुंद नळी मागे ठेवतात. काढलेल्या भागात जठराचा वरचा फुगीर भाग असतो, आणि भूक चाळवणारे घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः तिथेच तयार होते. म्हणून स्लीव्हनंतर माणूस कमी जेवतो, एवढेच होत नाही. पहिल्या वर्षी त्याला भूकच कमी लागते. बायपास या दुसऱ्या शस्त्रक्रियेत जठराचा कोणताही भाग काढत नाहीत. वरच्या टोकाला २०-३० मिलिलिटरची छोटी पिशवी वेगळी करून तिला लहान आतडे जोडतात, त्यामुळे अन्न उरलेले जठर आणि आतड्याचा पहिला भाग वगळून पुढे जाते. अमेरिकेत आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन यांनी १९६६ साली या बायपासची सुरुवात केली. म्हणजे ही काही कालपरवाची टूम नव्हे.

आता जिवाच्या धोक्याविषयी. अमेरिकेतील दहा केंद्रांत मिळून चार हजार सातशेहून अधिक रुग्णांचा पहिल्या तीस दिवसांचा जो अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला, त्यात मृत्यूचे प्रमाण हजारी तीन होते आणि गंभीर गुंतागुंत सुमारे चार टक्के रुग्णांत झाली. त्यानंतर तंत्र आणखी सुधारले आहे. मधुमेही रुग्णांच्याच वेगवेगळ्या शस्त्रक्रियांची तुलना करणाऱ्या दुसऱ्या एका अमेरिकी अभ्यासात दुर्बिणीतून केलेल्या बायपासमधील मृत्यूचे प्रमाण गुडघा बदलण्याच्या शस्त्रक्रियेइतकेच निघाले. गंमत अशी, की गुडघा बदलताना ‘आई वाचेल का’ असे सहसा कोणी विचारत नाही आणि ही शस्त्रक्रिया म्हटली की घरादाराचा जीव टांगणीला लागतो. २०१७ साली इजिप्तहून मालवाहू विमानाने मुंबईत आणलेल्या इमान अहमद यांची बातमी आजही रुग्णांचे नातेवाईक माझ्यापुढे काढतात. त्यांचे वजन सुमारे पाचशे किलो असल्याचे सांगितले जात होते, वर्षानुवर्षे त्या अंथरुणाला खिळून होत्या आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अबू धाबी येथे त्यांचे निधन झाले. त्या प्रसंगावरून तुमच्या शस्त्रक्रियेचा अंदाज बांधता येणार नाही.

जे थोडे लोक दगावतात ते मुख्यतः दोन कारणांनी: पायात धरलेली रक्ताची गुठळी फुप्फुसात जाऊन, किंवा स्टेपलच्या रेषेतून गळती होऊन. गुठळीसाठी रक्त पातळ ठेवणारी इंजेक्शने देतात आणि शस्त्रक्रियेच्या दिवशी संध्याकाळीच रुग्णाला चालवतात. नर्सने उठवल्यावर कुरकुर करू नये ती यासाठी. स्लीव्हमध्ये गळती साधारणतः जठराच्या वरच्या टोकाला, अन्ननलिकेच्या जोडाजवळ होते. प्रमाण शंभरात एकाच्या आसपास असते, पण झाली तर ती भरून यायला आठवडे, क्वचित महिने लागतात. तिचे सर्वांत पहिले लक्षण ताप किंवा पोटदुखी हे नसते, नाडी हे असते. शस्त्रक्रियेनंतर नाडी मिनिटाला १२० च्या वर जाऊन तिथेच राहिली, तर दुसरे काही सिद्ध होईपर्यंत ती गळतीच मानावी, असे आम्ही शिकाऊ डॉक्टरांच्या कानीकपाळी ओरडून सांगतो. म्हणून शल्यविशारद निवडताना त्यांच्या भिंतीवरची प्रमाणपत्रे वाचण्यापेक्षा सरळ विचारावे, की गेल्या वर्षी किती स्लीव्ह आणि किती बायपास केले, गळती किती रुग्णांत झाली, आणि रात्री दोन वाजता नाडी वाढली तर मला बघायला कोण येईल. ज्यांना या प्रश्नांचा राग येईल, त्यांच्याकडे शस्त्रक्रिया करून घेऊ नये.

धोक्याचा हिशेब मात्र दोन्ही पारड्यांत मांडावा लागतो. शस्त्रक्रिया न करण्याचा धोका शून्य आहे असे गृहीत धरले, तर उत्तर नेहमी ‘नको’ असेच येते. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या अभ्यासात शस्त्रक्रिया झालेले दोन हजार दहा रुग्ण आणि तशाच वजनाचे पण नेहमीच्या उपचारांवर असलेले दोन हजार सदतीस रुग्ण यांच्यावर दीर्घकाळ लक्ष ठेवले आहे. त्यातील बहुतेक शस्त्रक्रिया आज कालबाह्य झालेल्या जुन्या प्रकारच्या होत्या आणि तरीही २००७ मध्ये शस्त्रक्रिया झालेल्या गटातील मृत्यू इतर घटकांचा हिशेब धरून २९ टक्क्यांनी कमी असल्याचे दिसले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आकड्यांनुसार शस्त्रक्रिया झालेल्यांचे आयुर्मान दुसऱ्या गटापेक्षा सुमारे तीन वर्षांनी अधिक होते. सर्वसामान्य लोकसंख्येपेक्षा मात्र ते अजूनही साडेपाच वर्षांनी कमीच होते. हा दुसरा आकडा आमचे व्यवसायबंधू क्वचित सांगतात, म्हणून मी मुद्दाम सांगतो. शस्त्रक्रियेने रुग्णाचे आयुष्य वाढते, पण ती त्याला कधीच स्थूल नसलेल्या माणसाच्या पातळीवर नेऊन ठेवत नाही.

वजन किती उतरेल, याबाबतीत जाहिरातींनी लोकांची मोठी दिशाभूल केली आहे. ‘साठ टक्के वजन घटते’ असे वाचले की ११२ किलोचे साठ टक्के म्हणजे ६७ किलो जातील, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात ते साठ टक्के ‘जादा’ वजनाचे असतात. तुमच्या उंचीला बॉडी मास इंडेक्स (उंचीच्या मानाने वजनाचे माप) २५ येण्यासाठी साधारण ६१ किलो वजन हवे. म्हणजे जादा वजन ५१ किलो, आणि त्याचे साठ टक्के सुमारे ३१ किलो. वर्ष-दीड वर्षानंतर तुम्ही ८१ किलोंच्या आसपास असाल आणि तेव्हाही तुमचा बॉडी मास इंडेक्स ३३ असेल. आज तो ४६ आहे. लग्नातल्या फोटोत होत्या तशा तुम्ही परत दिसणार नाही. पण गुडघ्यांवरचा ३१ किलोंचा भार उतरेल, घोरणे बहुधा पुष्कळ कमी होईल आणि रक्तदाबाची एखादी गोळी सुटेल. एवढ्यासाठी शस्त्रक्रिया करून घेण्यात अर्थ आहे असे तुम्हाला वाटत असेल, तरच पुढे जावे.

इथे कोणी म्हणेल, की ४६ तरी ठीक, पण आमच्याकडे ३३-३४ वालेही शस्त्रक्रिया करून घेतात, हे कशासाठी? त्याचे उत्तर पुण्यातच सापडते. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोघा संशोधकांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला होता. दोघांचा बॉडी मास इंडेक्स अगदी सारखा, २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. भारतीय माणूस काट्यावर बारीक आणि आतून चरबीदार असतो, त्याला मधुमेह कमी वजनातच गाठतो. त्यामुळे भारतीय तज्ज्ञांनी २००९ मध्ये शस्त्रक्रियेची मर्यादा आजार असल्यास ३२.५ आणि नसल्यास ३७.५ अशी ठरवली, आणि २०२२ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींनी आशियाई लोकांसाठी ती आणखी खाली आणली. तुमच्या बाबतीत हा वादच उद्भवत नाही. तुम्ही कोणत्याही मोजमापात बसता.

तुमच्या ओळखीच्या बाईंचे वजन परत का आले? त्यांना न तपासता त्यांच्याविषयी बोलणे योग्य नाही, पण सर्वसाधारणपणे काय होते ते सांगता येते. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षानंतर थोडे वजन बहुतेकांचे वाढते. शरीर गेलेले वजन परत मिळवण्यासाठी झटत असते, स्लीव्हची नळी थोडी सैल होते आणि भूक परत येते. त्यातही स्लीव्हला फसवणे सोपे आहे, कारण ती भाकरी-भाजीला अडवते, पण बासुंदी, आइस्क्रीम, फरसाण, चहासोबतची बिस्किटे, दिवसभराचा गोड चहा हे सारे तिच्यातून सहज सरकते. ज्यांचे निम्मे वजन परत येते, त्यांच्यात मी एक समान गोष्ट पाहिली आहे. ती मंडळी पहिल्या वर्षानंतर दवाखान्यात यायचीच थांबलेली असतात. वजन वाढू लागले की लाज वाटते, लाज वाटली की येणे टळते, आणि चार-पाच किलोंवर जे औषधाने किंवा आहारतज्ज्ञांच्या मदतीने आवरले असते ते वीस किलोंवर जाते. यात दोष फक्त रुग्णाचा असतो असे मला वाटत नाही. अनेक ठिकाणी शस्त्रक्रियेपूर्वी रोज फोन येतात आणि नंतर एकही येत नाही. यजमानांना मात्र इतके सांगावे, की निम्मे परत आले याचा अर्थ निम्मे अजून गेलेलेच आहे, आणि कोणत्याही पथ्याने चार वर्षांनंतर सतरा किलो उतरलेले राहिल्याचे त्यांनी किती जणांत पाहिले आहे?

मधुमेहाबाबत आशा ठेवावी, पण मोजून. अमेरिकेतील क्लीव्हलंड क्लिनिकच्या दीडशे रुग्णांच्या अभ्यासात पाच वर्षांनी तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) ६ टक्के किंवा त्याखाली राहिलेले लोक फक्त औषधे घेणाऱ्यांत ५ टक्के, स्लीव्हच्या गटात २३ टक्के आणि बायपासच्या गटात २९ टक्के होते. वर सांगितलेल्या स्वीडनच्या अभ्यासात दोन वर्षांनी ७२ टक्के रुग्णांचा मधुमेह गेलेला होता, पंधरा वर्षांनी तसे ३० टक्केच उरले. म्हणून ‘मधुमेह कायमचा बरा’ अशी पाटी जिथे दिसेल तिथून परत फिरावे. मधुमेह जितका जुना आणि इन्शुलिन जितके आधीपासून, तितका तो जाण्याची शक्यता कमी. तुमची सात वर्षे आणि एक वर्षाचे इन्शुलिन ही मधली अवस्था आहे. स्वादुपिंडात अजून किती ताकद शिल्लक आहे हे सी-पेप्टाइड या रक्ततपासणीवरून बरेचसे कळते आणि ती शस्त्रक्रियेपूर्वी अवश्य करून घ्यावी. मधुमेह पूर्ण गेला नाही तरी औषधे पुष्कळ कमी होतात. याची उलट बाजूही लक्षात ठेवावी: शस्त्रक्रियेनंतर पहिल्या दिवसापासून साखर झपाट्याने उतरते, आणि जुन्याच मात्रेत इन्शुलिन किंवा काही गोळ्या चालू राहिल्या तर साखर धोकादायकरीत्या खाली जाते. घरी जाताना औषधांची नवी यादी हातात घेतल्याशिवाय निघू नये.

आता त्या जळजळीकडे येतो. तुम्ही ती शेवटी लिहिली आहे. मी तुमचा डॉक्टर असतो तर तिच्यापासून सुरुवात केली असती. स्लीव्हमुळे जठराची एक अरुंद, दाबाची नळी बनते आणि वरच्या झडपेजवळची रचना बदलते. त्यामुळे आम्ल वर येण्याचा त्रास आधी असेल तर तो वाढण्याची शक्यता असते आणि नसेल त्यालाही तो नव्याने सुरू होऊ शकतो. फिनलंडमधील तुलनात्मक अभ्यासाचे दहा वर्षांचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले, त्यात अन्ननलिकेचा दाह स्लीव्हनंतर ३१ टक्के रुग्णांत आणि बायपासनंतर ७ टक्के रुग्णांत आढळला. उलट बायपास हा या जळजळीवरचा एक चांगला इलाजच आहे. तेव्हा तुमची एन्डोस्कोपी झाली आहे का आणि तिच्यात झडप सैल किंवा जठराचा भाग छातीत सरकलेला (हायेटस हर्निया) दिसला का, हे मला पहिल्यांदा जाणून घ्यायचे आहे. एन्डोस्कोपी न करताच स्लीव्ह सुचवली असेल, तर तो सल्ला अपुऱ्या माहितीवर दिलेला आहे. एन्डोस्कोपीत दाह दिसला तर तुमच्यासाठी मी स्लीव्ह करणार नाही, बायपास सुचवेन. मधुमेहाच्या दृष्टीनेही तो किंचित उजवाच पडतो. काही जण एकाच जोडाचा, ज्याला मिनी बायपास म्हणतात, तो पर्याय देतील. आपल्याकडे तो लोकप्रिय आहे आणि वजन चांगले उतरवतो, पण त्यात पित्त वर येण्याचा त्रास काहींना होतो, आणि आतडे फार लांबवर वगळले तर जुलाब आणि कुपोषण वाढते, असे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्रान्समधील तुलनेत दिसले. शाकाहारी रुग्णात मी त्याबाबत दोनदा विचार करतो. स्लीव्ह हल्ली एवढी सर्रास का होते, याचे खरे उत्तर पुष्कळदा असे असते की ती करायला सोपी आणि वेळाला कमी आहे. हे बोलल्याबद्दल काही सहकारी माझ्यावर रागावतील.

यजमानांची ‘परतीची वाट नाही’ ही शंका बरोबर आहे. स्लीव्हमध्ये काढलेले जठर परत बसवता येत नाही. बायपास तांत्रिकदृष्ट्या उलटवता येतो, पण ती मोठी शस्त्रक्रिया असते आणि क्वचितच करावी लागते. दोन्हींत आयुष्यभराची जी बांधिलकी येते ती गोळ्यांची: मल्टिव्हिटॅमिन, लोह, कॅल्शियम सायट्रेट, जीवनसत्त्व ड आणि ब-१२. आपल्या शाकाहारी घरांत ब-१२ शस्त्रक्रियेपूर्वीच तळाला गेलेले असते, त्यामुळे ते आधी भरून काढावे लागते. पहिल्या वर्षी तीन, सहा आणि बारा महिन्यांनी आणि पुढे दरवर्षी एकदा रक्त तपासावे लागते. हा खर्च शस्त्रक्रियेच्या पॅकेजमध्ये कोणी सांगत नाही. तो महिन्याला हजार-दोन हजार रुपये धरून चालावे.

या बाबतीतली एक चूक मला अजून सलते. मराठवाड्यातील एका लहान गावची एक तरुण मुलगी स्लीव्हनंतर ठणठणीत घरी गेली. दोन आठवड्यांनी तिला उलट्या सुरू झाल्या. गावातील दवाखान्यात रोज ग्लुकोजचे सलाइन लावत राहिले, कारण ‘अशक्तपणा आहे’. तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस तिला एकाचे दोन दिसू लागले आणि चालताना झोक जाऊ लागले, तेव्हा तिला आमच्याकडे आणले. ब-१ म्हणजे थायमिन हे जीवनसत्त्व शरीरात फार दिवस पुरेल इतके साठत नाही. सतत उलट्या झाल्या की ते संपते, आणि अशा वेळी थायमिन न देता नुसते ग्लुकोज दिले तर मेंदूची हानी वाढते. थायमिनची इंजेक्शने दिल्यावर तिचे डोळे काही दिवसांत सुधारले, चाल सुधारायला महिने लागले, आणि स्मरणशक्ती पूर्वीसारखी कधीच झाली नाही. गावातल्या डॉक्टरांना दोष देणे सोपे होते. पण आम्ही तिला दिलेले डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत होते आणि त्यात उलट्यांविषयी एकच मोघम ओळ होती. त्यानंतर आमचे कार्ड मराठीत झाले आणि त्याच्या पहिल्याच ओळीत लिहिले, की दोन दिवसांपेक्षा अधिक उलट्या झाल्यास आम्हाला फोन करा आणि सलाइन लावणाऱ्या डॉक्टरांना आधी थायमिनचे इंजेक्शन द्यायला सांगा. तुम्ही कुठेही शस्त्रक्रिया केली तरी ही ओळ स्वतःच्या हाताने लिहून घरात लावून ठेवावी.

बायपास केल्यास आणखी एक गोष्ट घरातल्या सर्वांना माहीत हवी. वजन उतरल्यावर आतड्यांमधल्या फटी मोकळ्या होतात आणि एखाद्या फटीत आतडे अडकू शकते. हे दोन वर्षांनीही होते, आठ वर्षांनीही होते. जेवणानंतर बेंबीभोवती कळा येऊन त्या थांबत नसतील, तर ‘गॅस झाला असेल’ म्हणून ओवा खात बसू नये, त्याच दिवशी सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात जाऊन ‘माझा बायपास झालेला आहे’ हे पहिले वाक्य म्हणून सांगावे. गुडघेदुखीसाठी औषधाच्या दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या बायपासनंतर कायमच्या बंद, कारण जोडावर व्रण होतो. आणि एक प्रश्न विचारतो, राग मानू नये. ‘तंबाखू खाता का’ असे विचारल्यावर आमच्याकडच्या अनेक स्त्रिया प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतात आणि सकाळ-संध्याकाळ मशेरी लावत असतात. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच. तिच्यामुळे टाके भरून येत नाहीत आणि बायपासच्या जोडावर व्रण होतो. तुम्ही लावत असाल तर ती सुटेपर्यंत तारीख घेऊ नका.

आहाराबद्दल फार लिहीत नाही, आहारतज्ज्ञ ते सांगतीलच. दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिने पोटात जायला हवीत आणि एक वाटी वरणात ती जेमतेम पाच-सात ग्रॅम असतात, म्हणून अंडी, पनीर, दही, मोड आलेली कडधान्ये आणि सुरुवातीला प्रथिनांची पावडर घ्यावी लागते. आजवर तुम्ही दीक्षितांचे दोन वेळचे जेवण करून पाहिले असेल (माझ्या बहुतेक रुग्णांनी केलेले असते), पण आता छोट्या जठरात एवढी प्रथिने दोन जेवणांत मावत नाहीत, तेव्हा चार-पाच वेळा थोडे थोडे खावे लागेल. एकादशीचा साबुदाणा आणि निर्जळी उपवास पहिले वर्षभर तरी वर्ज्य. केस तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात गळतील आणि पुढे येतील. पित्ताशयात खडे होऊ नयेत म्हणून सहा महिने गोळी दिली जाईल. पाळी चालू असेल तर वजन उतरल्यावर गर्भधारणेची शक्यता वाढते, आणि दीड वर्ष तरी ती टाळायची असते, हे ४३ व्या वर्षीही गृहीत धरावे.

दिरांच्या इंजेक्शनच्या मुद्द्यात तथ्य आहे. पाच वर्षांपूर्वी मी तो हसण्यावारी नेला असता. सेमाग्लुटाइडने साधारण १५ टक्के आणि टिर्झेपटाइडच्या सर्वांत मोठ्या मात्रेने सुमारे २१ टक्के वजन घटल्याचे मोठ्या चाचण्यांत दिसले, आणि २०२५ पासून वेगोव्ही आणि माउंजारो या नावांनी ती भारतात मिळू लागली आहेत. पण ते आकडे मधुमेह नसलेल्यांचे आहेत. मधुमेहींत वजन कमी उतरते: याच औषधांनी त्यांच्यात अनुक्रमे सुमारे साडेनऊ आणि पंधरा टक्के उतरले. तुमच्या हिशेबाने ते सुमारे अकरा आणि सतरा किलो होतात, शस्त्रक्रियेने तीस. शिवाय सेमाग्लुटाइड बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी दोनतृतीयांश परत आल्याचे त्याच चाचणीच्या पुढच्या टप्प्यात दिसले. म्हणजे ती बीपीच्या गोळीसारखी चालूच ठेवावी लागतात. तुमचा बॉडी मास इंडेक्स ३३-३४ असता, तर मी आधी इंजेक्शनच सुचवले असते. ४६ असताना ती शस्त्रक्रियेपूर्वी वजन थोडे उतरवायला किंवा काही वर्षांनी परत येऊ लागलेले वजन रोखायला अधिक उपयोगी पडतील असे मला वाटते. भूल देण्यापूर्वी ती कधी थांबवायची हे मात्र भूलतज्ज्ञांना विचारावे, कारण त्यांनी जठर रिकामे व्हायला वेळ लागतो.

खर्च खाजगी रुग्णालयांत साधारण अडीच ते पाच लाखांच्या दरम्यान येतो. २०१९ मध्ये विमा नियामक प्राधिकरणाने घालून दिलेल्या नियमांनुसार बॉडी मास इंडेक्स ४० किंवा त्याहून अधिक असेल, वय १८ किंवा त्याहून अधिक असेल आणि डॉक्टरांचा लेखी सल्ला असेल तर, वजनाची शस्त्रक्रिया आहे एवढ्याच कारणावरून दावा नाकारता येत नाही. ३५ ते ४० मध्ये मात्र गंभीर आजार आणि आधीचे उपचार फसल्याचा पुरावा लागतो. तुमच्या पॉलिसीत आधीपासूनच्या आजारांचा प्रतीक्षाकाळ संपला आहे का ते पाहावे आणि शस्त्रक्रियेपूर्वी लेखी मंजुरी घ्यावी. आधीच्या पथ्यांच्या, औषधांच्या नोंदी जपून ठेवाव्यात. कर्ज काढून शस्त्रक्रिया केल्यास हप्त्यांमध्ये पुढच्या तपासण्या अडकतात, हेही मी पाहिले आहे. त्यामुळे हातातले सगळे पैसे शस्त्रक्रियेतच संपणार असतील तर काही महिने थांबलेले चालेल.

एकूण माझे मत असे आहे, की तुम्हाला शस्त्रक्रियेचा फायदा होईल आणि तो धोक्यापेक्षा मोठा असेल, पण आज सुचवलेली स्लीव्ह तशीच स्वीकारू नये. आधी एन्डोस्कोपी करावी, सी-पेप्टाइड आणि ब-१२ तपासावे, घोरण्यासाठी झोपेची तपासणी करून गरज पडल्यास श्वासाचे यंत्र शस्त्रक्रियेच्या काही आठवडे आधीपासून वापरावे. ते सगळे अहवाल घेऊन यजमानांसह त्याच शल्यविशारदांना पुन्हा भेटावे आणि विचारावे, की ही जळजळ असताना स्लीव्ह का, बायपास का नको. त्यांच्याकडे पटेल असे उत्तर असू शकते. नसले, तर दुसरे मत घ्यायला पुण्या-मुंबईपर्यंत जायचीही गरज नाही. कोल्हापूर आणि मिरजेकडे ते मिळू शकते, आणि दरवर्षीच्या तपासणीला घराजवळचे ठिकाण असणे तुमच्या फायद्याचेच आहे.